त्रिकोणमितीला सर मिळेना : आदिलाबादच्या मराठी मुलांची दहावी कुठे अडते?

आदिलाबाद : शेतात कापसाची वेचणी जोरात असते, मार्केट यार्डाकडे गाड्यांची रांग लागलेली असते आणि साधारण त्याच दिवसांत बहुतेक शाळांत दहावीच्या गणिताचं अकरावं प्रकरण उघडतं. त्रिकोणमिती. वेचणीपायी पोराची आठ-दहा दिवस शाळा बुडाली की तो परत येईपर्यंत फळ्यावरून साइन, कॉस, टॅन येऊन गेलेले असतात. घरी विचारावं असं कोणी नाही, गावात समजावून सांगणारं कोणी नाही. मग घरोघरी एकच विचारणा सुरू होते : "कोणी सर आहेत का हो त्रिकोणमिती शिकवणारे?"

बेला, जैनद, तामसी, तलमडगू, भीमपूर या पैनगंगेच्या बाजूच्या मंडलांत किंवा इकडे इंद्रवेल्ली, नारनूर पट्ट्यात ही विचारणा नवी नाही. गणिताचे सर मिळत नाहीत, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आदिलाबाद शहरात गणिताचे क्लास आहेत, फोनवर तर हजारो व्हिडिओ आहेत. मिळत नाही तो असा माणूस, ज्याला मूल मराठीत शंका विचारेल, जो ती तेलुगू किंवा इंग्रजी पुस्तकाशी जोडून देईल आणि जो गावापासून तासाभराच्या अंतरावर असेल. या तीन अटी एका माणसात बसत नाहीत, तिथे गाडी अडते.

दोन प्रकरणं, पण त्यावर पुढचं बरंच काही

तेलंगणाच्या सध्याच्या दहावीच्या गणितात १४ प्रकरणं आहेत. अकरावं त्रिकोणमिती, बारावं त्रिकोणमितीचे उपयोग, म्हणजे उंची आणि अंतराची उदाहरणं. १४ पैकी २ सोडून दिली तर काय बिघडतं, असा हिशोब काही घरांत आणि खरं सांगायचं तर काही शाळांतही केला जातो. पास होण्यापुरता तो हिशोब जमून जातो. पुढे मात्र तो महागात पडतो.

पहिलं कारण बासरचं. निर्मल जिल्ह्यातल्या बासर इथलं राजीव गांधी विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे 'ट्रिपल आयटी' म्हणतात, २००८ मध्ये सुरू झालं. तिथला सहा वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर लगेच सुरू होतो आणि प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. खेड्यातल्या हुशार मुलासाठी इंजिनिअरिंगला जाण्याचा यापेक्षा जवळचा रस्ता या भागात नाही. तिथे गणितातला एकेक गुण मोजला जातो. पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेतही दहावीचंच गणित असतं.

दुसरं कारण इंटरचं. एमपीसी घेतलेल्या मुलाला इंटरच्या पहिल्या वर्षी गणित 'वन-ए'मध्ये आतापर्यंत त्रिकोणमितीचेच मोठे भाग आले आहेत : गुणोत्तरं आणि त्यांची रूपांतरं, समीकरणं, व्यस्त फलनं, त्रिकोणाचे गुणधर्म. पुढे फिजिक्समध्ये बल, वेग, प्रकाश, कुठेही जा, साइन-कॉस सुटत नाही. दहावीत पाठ करून निभावलेलं मूल इंटरच्या पहिल्या तीन महिन्यांत गळतं. मग "गणित आपल्या डोक्यातलं नाही" असं ठरवून टाकलं जातं. मुलीच्या बाबतीत तर एवढं निमित्त पुरतं आणि शिक्षण तिथेच थांबतं. एका प्रकरणाची अडचण अशी सगळ्या शिक्षणावर येऊन बसते.

मातृभाषेची हमी आधी संपते, त्रिकोणमिती नंतर येते

आदिलाबादची मराठी काही बाहेरून आलेली नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यातल्या या जिल्ह्याचा किनवट आणि राजुरा हा भाग मुंबई राज्यात गेला, बाकीचा आंध्र प्रदेशात राहिला. रेघ सरकली, माणसं होती तिथेच राहिली. २०१४ मध्ये तेलंगणा झालं, ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. घरातली भाषा मराठी, काही घरांत गोंडी, कोलामी, बंजारा. बाजारात तेलुगू, दखनी, हिंदी सगळं चालतं.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी त्याच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणलं. मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. पण कुठपर्यंत? प्राथमिक टप्प्यापर्यंत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण थोडं पुढे जातं : किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषा. त्रिकोणमिती तेलंगणात सुरू होते दहावीत. म्हणजे ज्या टप्प्यावर गणितातली शब्दांची अडचण सगळ्यात जास्त भासते, तिथे यायच्या आधीच दोन्ही तरतुदी संपलेल्या असतात.

जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. पण पालकांचा कल इंग्रजीकडे आहे आणि सरकारचाही. २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आलं. तेव्हा आठवीत असलेली मुलं २०२४-२५ मध्ये दहावीला पोचली. बदल सोपा जावा म्हणून इंग्रजी-तेलुगू अशी जोडपुस्तकं निघाली, एका पानावर इंग्रजी, समोरच्या पानावर तेलुगू. तेलुगू घरच्या मुलाला समोरच्या पानाचा आधार मिळाला. मराठी घरच्या मुलाला दोन्ही पानं शिकलेल्या भाषेतली आहेत, घरातली एकही नाही.

याचा अर्थ इंग्रजी किंवा तेलुगू नको, असा काढणं चुकीचं होईल. २०१८ च्या कायद्याने तेलंगणात सगळ्या शाळांत तेलुगू शिकवणं सक्तीचं आहे आणि इथे राहायचं, नोकरी करायची तर तेलुगू लागतेच. मुद्दा एवढाच, की समजून घेण्याची भाषा आणि पेपर लिहिण्याची भाषा वेगळी असेल तर मधे एक माणूस लागतो. शाळेने तो दिला नाही तर घराला शोधावा लागतो.

'फूट ऑफ द टॉवर' म्हणजे किती फूट?

त्रिकोणमितीतच असं का होतं? भागाकार किंवा समीकरण आकड्यांवर चालतं. उंची-अंतराचं उदाहरण वाक्यावर चालतं. वाक्य कळलं की आकृती निघते, आकृती निघाली की गणित एका ओळीचं असतं.

साधं उदाहरण घ्या. मनोऱ्याच्या पायथ्यापासून ३० मीटरवरून त्याच्या शेंड्याचा उन्नत कोन ६० अंश दिसतो, तर मनोऱ्याची उंची किती? टॅन ६० म्हणजे उंची भागिले ३०, म्हणून उंची ३० गुणिले वर्गमूळ ३, जवळपास ५२ मीटर. झालं. पण इंग्रजी पुस्तकात हाच पायथा 'फूट ऑफ द टॉवर' म्हणून येतो आणि मूल विचारत बसतं की किती फूट. 'अँगल ऑफ डिप्रेशन' आला की ते वरून खाली बघणाऱ्या माणसाच्या नजरेतला आणि मनोऱ्याच्या भिंतीतला कोन धरतं. खरा कोन क्षितिजसमांतर रेषेपासून मोजायचा असतो. ही चूक गणिताची नाही, शब्दाची आहे. आणि ती दाखवायला मुलाच्या भाषेतलं एक वाक्य पुरतं : "माळ्यावर उभा राहून समोर बघ, आता मान खाली घाल, मान जेवढी वळली तेवढा अवनत कोन."

गंमत अशी, की हे शब्द वाटतात तितके परके नाहीत. मराठीत कर्ण, तेलुगूत कर्णम. मराठीत लगतची बाजू, तेलुगूत आसन्न भुजम. मराठीत संमुख म्हणजे समोरची बाजू, तेलुगूत एदुटी भुजम. बाजारात 'एदुरुगा' म्हणजे समोर, हे इथल्या मराठी पोराला आधीच माहीत असतं. उन्नत कोन म्हणजे ऊर्ध्व कोणम, अवनत म्हणजे निम्न कोणम. त्रिकोणमिती तर दोन्हीकडे त्रिकोणमितीच. आठ-दहा शब्दांची तीन रकान्यांची यादी, मराठी, तेलुगू, इंग्रजी, वहीच्या पहिल्या पानावर लिहिली की निम्मी भीती जाते.

खुद्द 'साइन' हा शब्दही आपल्याकडूनच फिरून आला आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय'मध्ये ज्यांचा, म्हणजे आजच्या साइनचा, २४ किमतींचा तक्ता दिला. ज्या आणि जीवा हे शब्द अरबीत गेले, तिथून लॅटिनमध्ये 'सायनस' झाले आणि शाळेच्या फळ्यावर साइन होऊन परत आले.

मागणी आहे, मग बाजार का जमत नाही?

एखाद्या गोष्टीला गिऱ्हाईक असेल तर विकणारा येतो, हा बाजाराचा साधा नियम. इथे तो का लागू पडत नाही, हे बघायला हवं.

एक, गिऱ्हाईक विखुरलेलं आहे. एका गावात दहावीत बसणारी मराठी मुलं मूठभर. दोन, माल थोडा आहे. गरज वर्षभराच्या क्लासची नाही, दोन प्रकरणांची आहे, फार तर दीड-दोन महिन्यांची. एवढ्यावर कोणाचं घर चालत नाही. तीन, ज्यांना सगळ्यात चांगलं शिकवता येतं त्यांचे हात कायद्याने बांधलेले आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी करू देत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर वर्गातलं शिकवणं घरच्या क्लासला गेलं असतं. पण परिणाम असा, की गावातला एकमेव गणितशिक्षक शाळेच्या वेळेनंतर पालकाच्या दृष्टीने 'उपलब्ध' नसतो.

चार, मोठे कोचिंगवालेही इथे उतरणार नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलांना प्रवेश देऊ नये, असं त्यात आहे. त्या सूचना ५० पेक्षा जास्त मुलं असलेल्या सेंटरसाठी आहेत. म्हणजे घरच्या ओट्यावर पंधरा-वीस मुलांना शिकवणाऱ्या पदवीधराला त्यातून धास्ती नाही. आणि आदिलाबादच्या सीमेवर उपाय असेल तर तो हाच आहे.

आता हिशोब मांडून बघा. आकडे समजण्यापुरते धरलेले. दोन प्रकरणांना आठवड्यात दोन अशा आठ आठवडे, दीड-दीड तासाच्या १६ बैठका लागतात. म्हणजे २४ तास. सर एका बैठकीचे ६०० रुपये मागतात असं समजा, गाडीखर्चासकट. एकट्या मुलासाठी बोलावलं तर ९,६०० रुपये. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी हे कोणालाच परवडणार नाही. पण जवळच्या चार गावांतली चार-चार मुलं एका ठिकाणी आली तर एका मुलामागे सगळ्या प्रकरणांचे मिळून ६०० रुपये. सर तेच, तास तेच, सरांची मिळकतही तीच. फरक फक्त पालकांनी एकत्र येण्याचा. फी महिन्याने न ठरवता प्रकरणाने ठरवली तर दोघांनाही बरं : सरांना काम किती ते माहीत, पालकांना खर्च किती ते माहीत.

पैनगंगेपलीकडचे सर

माणसं कुठे आहेत? दोन्ही काठांवर. इकडे काकतीय विद्यापीठाच्या कॉलेजांतून बीएस्सी झालेली, बीएड करून डीएससीच्या तयारीत बसलेली तरुण मुलं-मुली मंडलाच्या गावी सापडतात. त्यातली कित्येक स्वतः मराठी घरातली आहेत, तेलुगू किंवा इंग्रजीतून शिकलेली. तीन भाषांचा पूल म्हणतात तो यांच्याकडे तयारच असतो. पण कोणी विचारत नाही, कारण पालकांच्या नजरेत 'सर' म्हणजे शहरातला बोर्ड लावलेला.

तिकडे किनवट, पांढरकवडा, वणी, राजुरा इथे मराठीतून गणित शिकवणाऱ्यांची कमी नाही. आदिलाबादची मुलं किनवटच्या रेल्वेने किंवा नागपूर महामार्गाने तिकडे जातातही. पण महाराष्ट्राच्या सरांकडे जाताना एक खाच लक्षात ठेवावी लागते. महाराष्ट्र बोर्डाच्या आतापर्यंत चालत आलेल्या अभ्यासक्रमात त्रिकोणमिती नववीतच सुरू होते. बालभारतीच्या नववी गणित भाग २ मध्ये आठवं प्रकरण तिचं आहे, तिथे साइन, कोसाइन, टॅन होऊन जातात. दहावीच्या भाग २ मध्ये सहाव्या प्रकरणात कोसेक, सेक, कॉट आणि उंची-अंतर येतं. त्यामुळे तिकडचे सर दहावीच्या मुलाला गुणोत्तरं येतात असं धरून पुढे पळतात. तेलंगणाच्या मुलाने ती आयुष्यात पहिल्यांदा त्याच वर्षी पाहिलेली असतात. मूल लाजेखातर बोलत नाही, सरांना वाटतं कच्चं आहे. पहिल्याच दिवशी तेलंगणाचं पुस्तक सरांच्या हातात देऊन "सर, आमच्याकडे हे नववीत नव्हतं" एवढं सांगितलं तरी पुढचा गोंधळ टळतो.

या फरकाचा फायदाही करून घेता येतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात. तेलंगणात दसऱ्याची सुट्टी मोठी असते. त्या सुट्टीत नववीचं ते एक मराठी प्रकरण वाचून, आकृत्या काढून ठेवल्या तर सुट्टीनंतर शाळेत अकरावं प्रकरण निघेल तेव्हा ते दुसऱ्यांदा भेटतं.

दुसरा फायदा तारखांचा. २०२५ मध्ये महाराष्ट्राची दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली, तेलंगणाची २१ मार्चला. म्हणजे पलीकडच्या सरांची आपली बॅच मोकळी होते तेव्हा इकडच्या मुलांची उजळणी ऐन रंगात असते. शेवटच्या दोन आठवड्यांसाठी मराठीतून उजळणी घेणारा माणूस तेव्हा सहज मिळू शकतो.

प्रवासाचं गणित मात्र मुलींच्या बाबतीत उलटं पडतं. तेलंगणाच्या महालक्ष्मी योजनेत डिसेंबर २०२३ पासून पल्लेवेलुगू आणि एक्स्प्रेस बसमध्ये महिलांना प्रवास मोफत आहे, पण तो राज्याच्या हद्दीपर्यंत. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीत. बेल्याहून आदिलाबादला मुलगी फुकट जाते, पांढरकवड्याला जाताना हद्द ओलांडली की पैसे आणि अंधार पडायच्या आत परतायची काळजी. म्हणून मुलींसाठी सरांनी इकडे येणं किंवा आदिलाबादेतच मराठी जाणणारी मॅडम बघणं जास्त व्यवहाराचं आहे. आश्रमशाळा, गुरुकुल, कस्तुरबा विद्यालयातल्या मुलींना तर बाहेर जाताच येत नाही. तिथे संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला बाहेरचा माणूस येऊ द्यायचा की नाही, हे शाळेने आणि आदिवासी भागात उटनूरच्या आयटीडीएने ठरवायचं आहे.

सर पारखायचे कसे?

बाप चौथी शिकलेला असो की न शिकलेला, बैल घेताना दात बघतो, बियाणं घेताना पाकीट बघतो. सर ठरवताना मात्र फक्त फी विचारतो. त्रिकोणमितीचे सर पारखायला चार गोष्टी पुरतात आणि त्यासाठी गणित यायलाच हवं असं नाही.

पहिली : सर पहिल्या दिवशी काय करतात? चांगला माणूस थेट साइनवर येत नाही. मुलाला पायथागोरस येतो का, अपूर्णांक जमतात का, वर्गमूळ ३ दिसलं की ते घाबरतं का, हे अर्धा तास तपासतो. समरूप त्रिकोण कच्चे असतील तर आधी तिकडे वळतो. कोन तोच असेल तर त्रिकोण लहान असो की मोठा, बाजूंचं गुणोत्तर बदलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळी त्रिकोणमिती उभी आहे.

दुसरी : "साइन ३० अर्धाच का?" असं मुलाला विचारायला सांगा. "तक्त्यात आहे, पाठ कर" असं उत्तर आलं तर दुसरे सर बघा. चांगले सर २ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण काढतील, शेंड्यातून सरळ खाली रेघ टाकतील. पाया दोन तुकड्यांत मोडतो, एक तुकडा १, कर्ण २, वरचा कोन ३० अंशांचा. एक भागिले दोन. डोळ्यांना दिसलं, पाठ करायची गरज संपली.

तिसरी : कोन बदलला की बाजूंची नावं बदलतात, हे सर ठासून सांगतात का? हिंदी व्हिडिओंतून 'पंडित बद्री प्रसाद'वाली युक्ती इकडच्या मुलांना तोंडपाठ असते. ती लंब आणि आधार या शब्दांवर चालते. त्रिकोण आडवा काढला किंवा वरचा कोन दिला की उभी बाजू म्हणजे लंब असं धरणारं मूल फसतं. 'समोरची' आणि 'लगतची' हे मराठी शब्द इथे जास्त कामाचे, कारण ते कोणाच्या समोरची, कोणाच्या लगतची, हे विचारायला भाग पाडतात.

चौथी : मुलाला आपली चूक आपण पकडायला शिकवतात का? साइन (३० + ६०) म्हणजे साइन ३० अधिक साइन ६०, असं लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. बेरीज केली तर १.३६ च्या वर जाते. पण काटकोन त्रिकोणात समोरची बाजू कर्णापेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून साइन १ च्या वर जाणारच नाही. उत्तर चुकलं हे पुस्तक न उघडता कळतं.

आठवडाभराने घरच्यांनी एकच प्रश्न विचारावा : "शिडी भिंतीला जास्त उभी लावली तर वर जास्त पोचते की कमी, आणि का?" मुलाने आकृती काढून सांगितलं तर सर बरोबर आहेत.

कुंटाळा आणि हिंगणघाट

हे प्रकरण घराबाहेर काढलं तर आणखी सोपं होतं. कोनमापक, दोरा, खाली बांधायला एक नट आणि पेनाची रिकामी नळी, एवढ्यात कोन मोजायचं साधन तयार होतं. नळीतून शेंड्याकडे बघायचं, दोरा ९० वरून जितका सरकला तितका उन्नत कोन. शाळेचा झेंड्याचा खांब, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी, काहीही मोजता येतं. उत्तरात आपल्या डोळ्यांपर्यंतची उंची मिळवायची, एवढं विसरायचं नाही.

नेरडीगोंडा मंडलातला कुंटाळा धबधबा १४७ फूट, म्हणजे सुमारे ४५ मीटर उंच सांगितला जातो. त्याच्या पायथ्याच्या पातळीवरून, ४५ मीटर अंतरावरून माथा ४५ अंशांत दिसेल, ७८ मीटरवरून ३० अंशांत, २६ मीटरवरून ६० अंशांत. वहीवर मांडून बघायला हे उत्तम उदाहरण आहे. प्रत्यक्ष मोजायचं तर पाण्यापासून लांब राहून.

आणि "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या मुलाला नागपूर–हैदराबाद रस्त्यावरचं हिंगणघाट दाखवावं. १८०२ मध्ये मद्रासहून सुरू झालेलं हिंदुस्थानचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण ज्याने चालवलं, तो विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये तिथेच वारला. त्याची कबर तिथे आहे. एक पायारेषा साखळीने मोजायची आणि पुढे कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचं, या पद्धतीने देशाचा नकाशा तयार झाला. पुढे ज्या नकाशांवर राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्यांच्या मुळाशी दहावीच्या मुलाला अडणारं हेच गणित आहे.

सरकारकडून मोठं मागायची गरज नाही

हा प्रश्न आदिलाबादपुरता नाही. बेळगावात, बिदर-भालकीत, बऱ्हाणपुरात, जिथे जिथे मराठी घर आणि दुसऱ्या राज्याचं बोर्ड आहे, तिथे दहावीच्या आसपास हाच खड्डा लागतो. इंजिनिअरिंगच्या वाटेवर तर भाषेचा हिशोब राज्यागणिक बदलतो : जेईई मेन मराठीतूनही देता येते, तेलंगणाच्या ईएपीसेटची प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत तेलुगू किंवा उर्दूत असते. शेवटी मुलाला इंग्रजी शब्दांवर यावंच लागतं. पण आधी मराठीत समजलेलं असेल तर ते शब्द बदलणं आठवड्याचं काम आहे. मुळात समजलेलंच नसेल तर इंग्रजी शब्द पाठ करून काहीही होत नाही.

जिल्हा शिक्षण विभागाला तीन गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील. सीमेवरच्या प्रत्येक हायस्कूलमध्ये मराठी-तेलुगू-इंग्रजी गणितशब्दांचा एक तक्ता भिंतीवर लावणं. दहावीच्या जादा तासांना मंडलातल्या मराठी जाणणाऱ्या गणितशिक्षकाला आठवड्यातून एक दिवस शेजारच्या शाळेत पाठवणं. तो शाळेचाच तास असल्याने शिकवणीबंदीचा प्रश्न येत नाही. आणि संध्याकाळी शाळेची एक खोली, दिवा आणि फळा गावाने ठरवलेल्या पदवीधराला वापरू देणं.

गावाच्या हातात असलेली गोष्ट त्याहून साधी आहे. वेचणीच्या बाया दसऱ्याच्या आधी ठरवल्या जातात, भाव ठरतो, गाडी ठरते, कोणत्या शेतात कोणत्या दिवशी ते ठरतं. ऐन हंगामात शोधायला निघालं तर कोणी मिळत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्याच बैठकीत चार गावांनी मिळून सरही ठरवावेत, आणि प्रकरण चालू असेल तेवढे दोन महिने दहावीच्या पोरांना वेचणीला लावायचं नाही, हेही.